ब्लाऊज शिवणाऱ्यांसाठी: गिऱ्हाइकांचा राग, उशीर, उधारी आणि आपलं मन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरातल्या खोलीत मशीन मांडून काम करणाऱ्या किंवा एक-दोन कारागिरांसह छोटं दुकान चालवणाऱ्या बायका हे प्रश्न सतत विचारतात. शिवणक्लासमध्ये कटोरी, प्रिन्सेस कट, गळ्यांचे प्रकार सगळं शिकवतात. ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक काउंटरवर ब्लाऊज आपटतं तेव्हा काय करायचं, हे मात्र प्रत्येकीला एकटीनंच शिकावं लागतं. ते एकटीनं शिकावं लागू नये, म्हणून ही उत्तरं.

एक बाई काहीतरी लागेल असं बोलून गेल्या की दिवसभर तेच डोक्यात फिरतं. मी फार हळवी आहे का?

नाही. चांगल्या अनुभवापेक्षा वाईट अनुभव मनावर जास्त खोल उमटतो. २००१ साली मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा जवळपास सगळीकडे हेच दिसलं. दिवसभरात दहा जणी समाधानानं ब्लाऊज घेऊन गेल्या आणि अकरावी टाकून बोलली, तर रात्री अकरावीच आठवणार. त्यातून हे काम स्वतःच्या हातांनी, दुसऱ्याच्या अंगासाठी करायचं. त्याला नाव ठेवलं की ते आपल्यालाच ठेवल्यासारखं वाटतं.

यावर एक साधा उपाय खरोखर उपयोगी पडतो. वहीत दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत आपल्याला काय वाटलं ते नाव घेऊन लिहायचं: अपमान वाटला, भीती वाटली, पैसे बुडतील अशी काळजी वाटली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात, समोर दिसणाऱ्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीती-रागाशी निगडित भागाची हालचाल कमी होते, असं आढळलं होतं. दुसऱ्या ओळीत, त्यांच्या बोलण्यात कामाची तक्रार नेमकी कोणती होती तेवढंच लिहायचं. "तुमच्या हाताला वळणच नाही, मुंढ्यात किती घट्ट झालंय" या वाक्यातली तक्रार एवढीच, की मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, घट्ट आहे. तो उसवून सैल करता येतो. वळणाबद्दलचं बोलणं दुसऱ्या ओळीत उतरवायचंच नाही.

राग बाहेर काढला की मोकळं वाटतं म्हणतात. मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहावं का?

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारणारी माणसं शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेली निघाली. रागाची उजळणी केली की राग वाढतो. ग्रुपवर पन्नास जणींना सांगितलं, की पन्नास वेळा तोच प्रसंग जगावा लागतो, आणि एखादा स्क्रीनशॉट फिरत फिरत त्याच बाईंपर्यंत पोहोचतो, ते वेगळंच.

याच धंद्यातल्या एका जाणत्या मैत्रिणीला फोन करणं ही वेगळी गोष्ट. तिला "बघ ना कशी बोलली" असं न म्हणता "तू असतीस तर काय केलं असतंस" असं विचारा.

गिऱ्हाईक समोर उभं राहून ओरडतंय. त्या क्षणी नेमकं काय करायचं?

मशीन बंद करा, हातातली कात्री खाली ठेवा. एक श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. श्वास लांब सोडल्यानं छातीतली धडधड खाली येते, आणि धडधड खाली आली की आवाज आपोआप खाली येतो. त्यांचं बोलणं पूर्ण होऊ द्या. मधे तोडलं की माणूस पहिल्यापासून सुरू करतं.

मग एकच वाक्य: "घालून दाखवा, नक्की कुठे ओढतंय ते बघू." या वाक्याचा फार आधार आहे. त्यामुळे भांडण दोन माणसांमधून निघून कापडावर जातं. बाई ब्लाऊज घालून बाहेर येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, तेवढ्यात तुम्हालाही सावरता येतं. आणि खरंच घालून पाहिल्याशिवाय तक्रार काय आहे ते कळतच नाही. "फिटिंग पार बिघडलंय" म्हणत आलेल्या बाईंचा फक्त खालचा पट्टा घट्ट असतो, हे नेहमीचंच.

"तुम्हीच असं सांगितलं होतं" हे वाक्य खरं असलं तरी तोंडातून काढू नका. वही उघडून त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "गळा साडेआठ लिहिलाय, तेवढाच आहे. कमी करायचा असेल तर काय करता येईल ते सांगते."

आणि एक मर्यादा पक्की हवी. आवाज चढला तर ऐकून घ्यायचं, शिवी आली तर नाही. "कामाबद्दल बोला, मी ऐकतेय. शिव्या द्यायच्या असतील तर आज थांबू, उद्या बोलू." हे आवाज न चढवता, एकदाच म्हणायचं. हाताखालच्या मुलीवर कोणी ओरडत असेल, तर मालकिणीनं लगेच पुढे यावं. काज-बटण करणाऱ्या, हेमिंग घालणाऱ्या मुलीनं गिऱ्हाइकाच्या शिव्या खाव्यात, हे तिच्या पगारात धरलेलं नाही.

ब्लाऊजवरून बायका इतक्या का चिडतात? ड्रेसच्या वेळी एवढं होत नाही.

हा प्रश्न नीट समजून घेतला तर अर्ध्याहून जास्त प्रसंगांत मन दुखावणारच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्लाऊज अंगाला चिकटून बसणारं वस्त्र आहे. त्यात लपवायला जागा नाही. ट्रायलला आलेली बाई आरशात पाहते, तेव्हा तिला आपल्या शिलाईआधी स्वतःचे दंड दिसतात, पाठीवरची वळी दिसते, बाळंतपणानंतर बदललेला बांधा दिसतो. लग्नाच्या घरात तर कोणीतरी आधीच बोलून ठेवलेलं असतं: "नवऱ्या मुलीची आई आहेस, जरा बारीक हो." मापं चैत्रात दिलेली, लग्न वैशाखात, मधल्या महिन्यात केळवणं झालेली. छातीत इंच-सव्वा इंचाचा फरक पडतोच. आरशातलं ते दुःख बोलून दाखवायची सोय नसते. "तुम्ही घट्ट शिवलंत" हे मात्र बोलता येतं.

त्या दुःखाचं कारण तुम्ही नाही. हे लक्षात राहिलं की त्यांच्या रागाकडे वेगळ्या नजरेनं पाहता येतं. आणि आपल्या हातात खूप काही असतं. टेप धरताना आकडा मोठ्यानं उच्चारू नका, दुकानात दुसरं कोणी असेल तर मुळीच नाही. "वजन वाढलं वाटतं" हे वाक्य आपल्या दुकानात कोणाच्याही तोंडून कधी निघू नये, हाताखालच्या मुलींनाही हे पहिल्याच दिवशी सांगा. "अंगात वाढलात" याऐवजी "इथे अर्धा इंच सोडते, हात वर करायला सोपं जाईल" म्हणा. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे भरपूर माया (आत राखलेलं जास्तीचं कापड) ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीही ब्लाऊज सैल करता येतो आणि तसं आधीच सांगितलं की बाईंचा जीव भांड्यात पडतो.

जी शिवणारी हे सांभाळते, तिच्याकडच्या बायका गाव बदलला तरी मापाचा ब्लाऊज कुरियरनं पाठवतात. मन घट्ट करायचं म्हणून हा हळुवारपणा सोडू नका. या धंद्यात तो कौशल्याचाच भाग आहे.

भांडणं मुळातच कमी व्हावीत म्हणून काय करता येईल?

माझं ठाम मत असं, की ज्याला आपण मनाचा कणखरपणा म्हणतो तो निम्मा तरी पावतीपुस्तकातून येतो. सगळं तोंडी ठरलेलं असेल तर प्रत्येक वादात आपल्याला स्वतःचा खरेपणा सिद्ध करत बसावं लागतं, आणि माणूस त्यातच थकतं. लिहिलेलं असेल तर कागद बोलतो.

कापड हातात घेतलं की उजेडात उलगडून बघा. डाग, विरलेला भाग, काठाला ओढलेला धागा दिसला तर त्यांच्यासमोरच दाखवा आणि फोटो काढा. कापड किती आहे ते मोजून लिहा. ऐंशी सेंटिमीटरच्या पिसात कोपरापर्यंत बाही आणि मागे मोठी गाठ बसत नसेल, तर "बघू, काढते कशीतरी" म्हणू नका, तिथेच सांगा. सुती अस्तर आटतं, म्हणून ते भिजवून वाळवूनच कापणार आणि त्याला एक दिवस लागणार, हेही सांगून ठेवा.

पावतीवर मापं आणि माप घेतल्याची तारीख, पुढचा-मागचा गळा, बाहीची लांबी, हुक पुढे की मागे, पॅड हवं की नको, पायपिंग, लटकन, हे सगळं हवं. फोनवरचं डिझाइन दाखवलं असेल तर ते व्हॉट्सॲपवर मागून घ्या आणि त्याच चॅटमध्ये लिहा: "या फोटोतला फक्त मागचा गळा घ्यायचा, बाही साधी." शिलाईचा आकडा, आगाऊ रक्कम, ट्रायलची तारीख, देण्याची तारीख. एक फेरफार मोफत, त्यानंतर पैसे लागतील आणि तयार काम किती दिवस सांभाळणार, हेही छापून घ्या. शेवटी त्यांची सही आणि एक प्रत त्यांच्याकडे.

आगाऊ रक्कम निम्मी तरी घ्याच. आरी वर्क (हुकासारख्या सुईनं केलेलं भरतकाम) असेल तर मणी-जरदोसीचा पूर्ण खर्च आणि कारागिराचा हप्ता आधी. पैसे मागायला संकोच वाटतो त्यांनी दर आणि नियमांचा बोर्ड भिंतीवर लावावा. बोर्डाकडे बोट दाखवणं तोंडानं मागण्यापेक्षा सोपं असतं, आणि सगळ्यांना एकच नियम आहे हे समोरच्यालाही दिसतं.

लग्नसराईत तारीख पाळणं अशक्य होतं. मग शिव्या ऐकाव्या लागतात.

तुळशीचं लग्न लागलं की कामाचा लोंढा येतो, पुन्हा उन्हाळ्यात येतो. मधे संक्रांतीच्या काळ्या साड्या, श्रावणात मंगळागौर, मग गौरी-गणपती, दिवाळी. हे सगळं दरवर्षी ठरलेल्या वेळी येतं, म्हणजे तयारी करता येते. दिवसाला साधे ब्लाऊज किती, अस्तराचे किती होतात ते वहीतून काढा, त्यातून आजारपण आणि वीज जाणं यांच्यासाठी आठवड्यातला एक दिवस वजा करा. तेवढे भरले की "त्या आठवड्याचं काम बंद" हे सांगता आलं पाहिजे. परत पाठवलेलं काम चार दिवस खुपतं. घेऊन न झालेलं काम वर्षभर ऐकवलं जातं.

तारीख चुकणार हे कळल्याच्या दिवशी फोन करा, मेसेज नको. "गुरुवारी देणार होते, शनिवारी दुपारी देते. तुमची हळद कधी आहे?" कार्याची खरी तारीख विचारली की पुष्कळदा दोघींच्याही जिवाला उसंत मिळते. गुरुवारी त्या दुकानात येऊन उभ्या राहीपर्यंत गप्प राहणं, हेच शिव्यांचं खरं कारण असतं.

माझ्या हातून कापड खरंच बिघडलं तर?

त्यांना दिसण्याआधी आपण सांगायचं. इस्त्रीनं डाग पडला, कात्री चुकून गेली, काहीही असो. कापड समोर ठेवून काय झालं ते एका वाक्यात सांगा आणि दोन पर्याय तयार ठेवा: तसंच कापड आणून देणं, किंवा कापडाची किंमत देऊन शिलाई न घेणं. पैठणीचा पदराशी जुळणारा काठाचा पीस गेला तर तसाच दुसरा मिळणं कठीण. तेव्हा जवळ जाणारं रेशमी कापड दाखवणं किंवा उरलेल्या काठाचा बाहीला जोड देऊन बघणं, असं काही सुचवावं लागतं. माफी एकदा मागा, मनापासून मागा. त्यानंतर वर्षभर त्यांचं काम फुकट करत राहू नका. नुकसान भरून दिलं की तो हिशेब मिटला, हे आधी आपण स्वतः मानलं पाहिजे.

"एवढे पैसे? आमच्या गल्लीत निम्म्यात शिवतात."

"हो, शिवत असतील. माझी शिलाई एवढी आहे." इथे थांबायचं. अस्तर, धागा, हुक, वीज यांचा हिशेब समजावत बसलं की घासाघीस सुरू होते. साधा ब्लाऊज आणि कटोरी ब्लाऊज असे दोन दर दाखवता आले तर त्यांनाही मान राखून निवड करता येते.

नात्यातल्या आणि शेजारच्या बायकांचं काय करावं? त्यांना पैसे मागता येत नाहीत.

सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. परकं गिऱ्हाईक भांडून निघून जातं, नणंद दिवाळीला पुन्हा समोर असते. नात्यासाठी वेगळा दर ठरवा, पण तो ठरलेला असू द्या आणि पावती त्यांचीही फाडा. "वहिनी, तुमच्यासाठी शिलाईत पंचवीस टक्के कमी, अस्तर-सामानाचे पूर्ण" असं हसून, काम घेतानाच सांगावं. भेट म्हणून शिवून द्यायचं असेल तर तसं आनंदानं सांगून द्या: डोहाळजेवणाला माझ्याकडून. दिलेली भेट सुखाची असते. न मागता आल्यामुळे बुडालेली शिलाई मनात साठत जाते आणि एक दिवस भलत्याच विषयावर भांडण होतं.

घरच्यांनाही सांगावं लागतं, की "तिला काय, घरीच तर असते, देईल शिवून" असं परस्पर कबूल करू नका. विशेषतः नवऱ्याला आणि सासूबाईंना.

रात्री अकरा वाजता मेसेज येतात, फोटो येतात. उत्तर नाही दिलं तर राग येतो.

धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस ठेवा. त्यात दुकानाची वेळ टाकता येते, वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज लिहिता येतो, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. "दुकान सकाळी १० ते रात्री ८. तुमचा मेसेज मिळाला, उद्या उत्तर देते." एवढं पुरतं. तो फोन रात्री मशीनच्या खोलीतच ठेवा. झोपताना उशाशी नको.

गूगलवर कोणीतरी खोटं, वाईट लिहिलंय. ते काढता येतं का?

स्वतःला काढता येत नाही. शिवीगाळ असेल किंवा ती व्यक्ती कधी आलीच नसेल, तर तक्रार नोंदवता येते; निर्णय गूगलचा. उत्तर मात्र देता येतं आणि ते पुढची शंभर गिऱ्हाइकं वाचतात, म्हणून दुसऱ्या दिवशी लिहा. "आपली गैरसोय झाली याचं वाईट वाटतं. पावती घेऊन या, फिटिंग करून देऊ." यापेक्षा जास्त नको. त्यांची मापं, पैसे, घरगुती तपशील चुकूनही लिहू नका. मग समाधानी बायकांना मनमोकळेपणानं सांगा की दोन ओळी लिहा. बहुतेक जणी लिहितात, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

"ग्राहक कोर्टात जाईन" अशी धमकी दिली. फार भीती वाटते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि पैसे घेऊन केलेली शिलाई ही त्यात सेवाच धरली जाते. म्हणजे त्यांना तो हक्क आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. दोघांची तयारी असेल तर आयोग मध्यस्थीकडेही पाठवू शकतो.

भीती कमी करायला हे माहीत असलेलं बरं: तिथे तुमचंही ऐकलं जातं. पावती, सही, चॅट, ट्रायलचे फोटो, फेरफार करून देण्याची तुम्ही दाखवलेली तयारी, हे सगळं पुरावा आहे. नोटीस आली तर घाबरून कपाटात ठेवू नका, मुदतीत उत्तर द्या. धमकीच्या वेळी एवढंच म्हणा, "तो तुमचा हक्क आहे. पण मी आजही दुरुस्त करून द्यायला तयार आहे." आणि तेच मेसेजनं लिहूनही पाठवा.

शाळेच्या गणवेशाची मोठी ऑर्डर केली, पैसे महिनोन्महिने अडकलेत. दर वेळी मागायला गेलं की अपमान होतो.

इथे मनाला समजावत बसू नका, कायद्याचा आधार घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय व्यवसाय करणाऱ्या खरेदीदारानं या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तो खर्च त्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही.

यासाठी 'उद्यम' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी हवी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, आणि ऑर्डर घेण्याआधीच करून ठेवावी. पैसे मागणारे एजंट टाळा. बिलावर नोंदणी क्रमांक छापा. आधी लेखी आठवण द्या, त्यात कायद्याचा उल्लेख करा. तेवढ्यानंही कधी कधी काम होतं. नाहीच झालं, तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'समाधान' यंत्रणेतून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. प्रकरण लगेच सुटेल असं धरून चालू नका, म्हणून मोठ्या ऑर्डरचं कापड स्वतःच्या पैशानं न आणणं केव्हाही बरं.

हल्ली झोप लागत नाही, दुकान उघडायलाच नको वाटतं. हे थकवा आहे की आणखी काही?

लग्नसराई संपल्यावर आठ दिवस सुट्टी घेऊन बरं वाटलं तर थकवा असावा. वर्षात असे दिवस आधीच ठरवून, बोर्डावर लिहून बंद ठेवा. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कशातही रस नसेल, सारखं रडू येत असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वाट पाहू नका. ज्यांना तसे विचार येतात त्यांनी तर आजच बोलावं. 'टेली मानस' ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. पाठ-मान दुखली की आपण डॉक्टरकडे जातोच, तसंच इथेही संकोच न करता जावं.

भांडून गेलेल्या बाई वर्षभरानं पुन्हा आल्या. काम घ्यावं का?

शिलाईवरून भांडल्या असतील तर घ्या. नव्यानं मापं घ्या, जुन्या वहीतली वापरू नका. ट्रायल सक्तीची ठेवा, आगाऊ रक्कम नेहमीइतकीच. मागचा विषय त्यांनी काढला तर "ते राहू दे, या वेळी गळा किती ठेवायचा?" असं म्हणून पुढे जा. शिव्या दिल्या असतील, हाताखालच्या मुलीला रडवलं असेल, किंवा मागचे पैसे बाकी असतील, तर आधी ती मुलगी काय म्हणते ते विचारा आणि बाकी वसूल करा. तिची तयारी नसेल तर "सध्या काम भरलंय, तुम्हाला वेळेत देता येणार नाही" एवढं सांगून कापड आदरानं परत द्या.